विश्लेषण : ‘छोटा फॉल्ट’ असलेला जुना प्लेस्टेशन घ्यावा का? बारामती-इंदापुरात त्याची दुरुस्ती कितपत शक्य?

‘पीएस-४, चालू होतो, टीव्हीवर दिसत नाही. छोटा फॉल्ट आहे, दुकानात दिला की होईल.’ अशा धाटणीच्या जाहिराती जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर आता पुण्या-मुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत. बारामती, भिगवण, इंदापूर, वालचंदनगर परिसरातही त्या सहज दिसतात. घेणारा बहुतेक वेळा आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असतो आणि सहा-सात हजार रुपये त्याने महिनोन्महिने साठवलेले किंवा उसाचे बिल आल्यावर घरून मागून घेतलेले असतात. यंत्र सुरू झाले तर सौदा फायद्याचा, नाही झाले तर तेवढ्याच पैशांचे भंगार. फॉल्ट खरेच छोटा असेल, तर विकणाऱ्याने तो दुरुस्त करून पूर्ण किमतीला कन्सोल का विकला नाही? हा प्रश्न खरेदीआधी विचारायला हवा आणि त्याचे उत्तर जाहिरातीत नसते, यंत्रात असते.

जुन्या, त्यातही बिघडलेल्या कन्सोलला मागणी का?

कारण नव्याची किंमत. पीएस-५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला तेव्हा डिस्क असलेल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पाच हजारांनी वाढून ५४,९९० झाली. साधारणपणे इलेक्ट्रॉनिक वस्तू जुनी होते तशी स्वस्त होते. इथे उलटे घडले. त्यात एकेका नव्या गेमसाठी चार-पाच हजार मोजावे लागतात. त्यामुळे अनेकांची नजर मागच्या पिढीच्या पीएस-४ कडे वळते. तो भारतात ६ जानेवारी २०१४ रोजी ३९,९९० रुपयांना विक्रीस आला होता. त्याची स्लिम आणि प्रो ही रूपे २०१६ ची. या यंत्रांची वापरलेली डिस्क स्वस्तात मिळते आणि खेळून झाली की पुन्हा विकताही येते.

त्याहून मागे जाणे मात्र आता परवडत नाही. पीएस-३ आणि एक्सबॉक्स ३६० अगदी कवडीमोल भावात मिळतात, पण ३६० चे ऑनलाइन स्टोअर मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०२४ रोजी बंद केले आणि दोन्ही यंत्रांना असे जुनाट आजार आहेत की ज्यांवर टिकाऊ इलाज महाग पडतो. त्याबद्दल पुढे. निन्टेन्डोचा स्विच आपल्याकडे बहुतांश परस्पर आयात होऊनच येतो, त्यामुळे त्याच्या सुट्या भागांची शोधाशोध आणखी कठीण. थोडक्यात, मर्यादित पैशात दुरुस्तीचा प्रयोग करायचाच असेल तर पीएस-४ हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा पर्याय आहे. पुढचे विवेचन मुख्यतः त्याच्याबद्दल.

फॉल्ट छोटा की मोठा, हे जागेवर कसे ओळखायचे?

दिवा, आवाज आणि चित्र या तीन गोष्टी पाहाव्यात. पीएस-४ चे बटण दाबले की एक बीप वाजते, दिवा निळा लुकलुकतो आणि मग पांढरा होतो. या क्रमात गाडी कुठे अडते, त्यावरून निम्मे निदान होते.

बीपच नाही, दिवाच नाही, तर संशय पहिल्यांदा पॉवर सप्लायवर. दिवा पांढरा होतो, पंखा फिरतो, डिस्क आत घेतली जाते, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’ दिसते, तर एचडीएमआय पोर्ट किंवा त्यामागची चिप. चित्र दिसते पण यंत्र ‘सेफ मोड’मध्येच घुटमळते किंवा अपडेट मागत राहते, तर बहुधा हार्ड डिस्क. दिवा लाल झाला, तर यंत्र तापले आहे. आणि निळा दिवा लुकलुकून यंत्र बंद पडत असेल, तर हात आखडता घ्यावा. कारण निळ्या दिव्याची कारणे हार्ड डिस्कपासून मुख्य प्रोसेसरपर्यंत काहीही असू शकतात आणि जागेवर उभे राहून ते ठरवणे अनुभवी कारागिरालाही जमत नाही. ‘निळा दिवा येतो, बाकी ओके’ असे सांगणारा विक्रेता खोटे बोलत नसेलही, पण त्या ‘बाकी’त सगळेच आले.

यातला खरा छोटा फॉल्ट म्हणजे हार्ड डिस्क. पीएस-४ मध्ये लॅपटॉपची साधी अडीच इंची साटा डिस्क असते. ती बदलण्याची मुभा सोनीनेच दिलेली आहे, त्यासाठी अख्खे यंत्र उघडावे लागत नाही. जुन्या लॅपटॉपमधली चांगली डिस्क किंवा स्वस्तातला एसएसडी चालतो. जाडी साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. नंतर सोनीच्या संकेतस्थळावरून सिस्टिम सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन, बटण दुसरी बीप येईपर्यंत म्हणजे साधारण सात सेकंद दाबून सेफ मोडमध्ये जायचे आणि सातव्या क्रमांकाचा पर्याय निवडायचा. इथे अनेक जण एका जागी फसतात. संकेतस्थळावर दोन फाइल असतात, एक नेहमीच्या अपडेटची आणि दुसरी संपूर्ण पुनर्स्थापनेची, सुमारे एक जीबीची. नव्या डिस्कला दुसरीच लागते. पहिली टाकली की यंत्र ‘फाइल सापडत नाही’ म्हणत राहते आणि चांगला कन्सोल बिघडलेला म्हणून विकला जातो. घेणाऱ्याचे नशीब उघडते ते अशा ठिकाणी. या सगळ्या प्रक्रियेत रिमोट यूएसबी केबलने जोडलेला असावा लागतो, म्हणून बघायला जाताना केबल आणि शक्य असेल तर चालू रिमोट सोबत न्यावा.

दुसरा सोपा प्रकार धुळीचा. गेम सुरू झाला की विमान उडाल्यासारखा आवाज आणि थोड्या वेळाने यंत्र बंद. पंखा, हीटसिंक साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली की बहुतेक यंत्रे शांत होतात. मधोमध छिद्र असलेला टी-८ टॉर्क्स स्क्रू ड्रायव्हर लागतो. साधा चालत नाही. आपल्याकडे उघडल्यावर धुळीबरोबर आणखी पाहुणे निघतात. पॉवर सप्लाय आतच असल्याने पीएस-४ चा तो कोपरा ऊबदार राहतो आणि झुरळांना तो फार आवडतो. झुरळाने किंवा पालीने पॉवर सप्लायमध्ये शॉर्ट केलेले पीएस-४ परदेशातल्या दुरुस्ती दुकानांनीही नेहमीचे गिऱ्हाईक म्हणून नोंदवले आहेत. मागच्या जाळीत मोबाइलचा टॉर्च मारला तर काळे ठिपके दिसतात. ते दिसले की भाव खाली आणावा, किंवा नमस्कार करून निघावे.

एचडीएमआय पोर्ट बारामतीत बसवून मिळेल का?

मिळेल, पण कोणाकडे देताय त्यावर सगळे अवलंबून आहे. टीव्हीच्या मागे अंधारात चाचपडत केबल खुपसली जाते, किंवा केबल जोडलेली असतानाच यंत्र ओढले जाते, आणि पोर्टच्या १९ पिनांपैकी एखादी वाकते. होस्टेलवर खोलीखोलीत फिरणाऱ्या आणि गेम झोनमध्ये दिवसभर राबलेल्या कन्सोलचे हे ठरलेले दुखणे. मोबाइलचा कॅमेरा झूम करून पोर्टचा फोटो काढला की वाकलेली पिन स्पष्ट दिसते. पिना सरळ असूनही चित्र नसेल, तर दोष पोर्टमागच्या एचडीएमआय चिपमध्ये असण्याची शक्यता वाढते आणि काम अवघड होते.

बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे मोबाइल दुरुस्तीची दुकाने मुबलक आहेत. चार्जिंग पोर्ट आणि चार्जिंग आयसी बदलणे हा त्यांचा रोजचा धंदा, त्यामुळे हॉट एअर गन, मायक्रोस्कोप आणि बारीक डाख लावण्याचा सरावलेला हात या गोष्टी तालुक्याच्या गावीही सापडतात. तरीही मोबाइलचा बोर्ड आणि कन्सोलचा बोर्ड यांत फरक आहे. कन्सोलचा बोर्ड जाड, अनेक थरांचा असतो आणि पोर्टचे पाय तांब्याच्या मोठ्या पृष्ठभागाला जोडलेले असतात. दिलेली उष्णता ते तांबे शोषून घेते. मोबाइलच्या सवयीने वरून गन धरली की डाख वितळत नाही, कारागीर जोर लावतो आणि पोर्टबरोबर बोर्डवरचा ट्रॅकच उखडून येतो. मग दोनशे रुपयांच्या भागाचे काम बोर्ड निकामी होण्यावर जाते. बोर्ड खालून आधी तापवणारा प्री-हीटर हा यावरचा उपाय. म्हणून मोबाइलवाल्यापेक्षा लॅपटॉपचे मदरबोर्ड दुरुस्त करणारा शोधावा आणि त्याला सरळ विचारावे : प्री-हीटर आहे का, याआधी लॅपटॉपचा किंवा कन्सोलचा एचडीएमआय बसवला आहे का, आणि काम झाले नाही तर मजुरी किती? या प्रश्नांवर चिडणाऱ्या कारागिराकडे यंत्र ठेवू नये.

सुट्या भागांची अडचण मोठी आहे. पोर्ट, पंखा, लेन्स ऑनलाइन मागवता येतात. दर्जा मात्र नशिबावर. प्रत्यक्ष पाहून घ्यायचे तर पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी बंद यंत्रे भागांसाठी मिळून जातात. बारामतीहून पुणे साधारण शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही लांब. एका चुकीच्या भागापायी दुसरी फेरी झाली की बचतीचा हिशेब कोलमडतो.

वीजपुरवठ्याचा काय संबंध?

गावाकडे विकला जाणारा ‘एकदम बंद’ कन्सोल बऱ्याचदा विजेचा बळी असतो. पीएस-४ चा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, म्हणजे कमी दाबाने त्याचे फारसे बिघडत नाही. घात होतो तो उलट बाजूने. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की घरात २३० ऐवजी त्याहून कितीतरी जास्त, वाईटात वाईट ४०० च्या आसपास व्होल्टेज शिरते आणि टीव्ही, फ्रिज, कन्सोल एकदमच जातात. विक्रेत्याला विचारून पाहावे, यंत्र बंद पडले त्या दिवशी घरातले आणखी काय जळाले होते? ‘टीव्हीपण गेला होता’ असे उत्तर आले तर ते वाईट नव्हे. बरेचदा पॉवर सप्लायने मार खाऊन मदरबोर्ड वाचवलेला असतो. खात्री मात्र नसते.

अशा वेळी पॉवर सप्लायचा अख्खा डबा बदलावा. आत दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. यात काटकसरीचा मुद्दाच नाही, जिवाचा आहे. २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश झाला की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात. बिघडलेल्या सप्लायमध्ये तर जास्तच, कारण साठलेला भार वाहून नेणारी वाटच तुटलेली असू शकते. व्हिडिओ पाहून हार्ड डिस्क बदलणाऱ्या मुलाने इथे हात घालू नये. डबा घेताना त्यावरचा मॉडेल क्रमांक जुळवून घ्यावा. वरून सारखे दिसणाऱ्या डब्यांत कुठे चार पिनांची जोडणी असते, कुठे पाच.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला एक्सबॉक्स ३६० हा आणखी एक सापळा. त्याच्या बाहेरच्या अडॅप्टरवर १०० ते १२७ व्होल्ट असे लिहिलेले असेल आणि कोणी तो थेट आपल्या सॉकेटला लावला असेल, तर ‘आणल्यापासून सुरूच झाला नाही’ यामागचे गूढ उकलते.

डिस्क ड्राइव्ह बदलली तरी का चालत नाही?

इथे प्रश्न कारागिराच्या हातातून कंपनीच्या हातात जातो. पीएस-४ ची डिस्क ड्राइव्ह नियंत्रित करणारे छोटे सर्किट त्याच यंत्राच्या मदरबोर्डशी सांकेतिक किल्लीने बांधलेले असते. दुसऱ्या पीएस-४ मधली चांगली ड्राइव्ह आणून बसवली, तरी ती डिस्क वाचत नाही. लेन्स, मोटर, रोलर बदलता येतात. ते सर्किट मात्र मूळचेच ठेवावे लागते. ते गेले किंवा आधीच्या कोणी हरवले, तर यंत्र कायमचे ‘डिजिटल’ झाले, म्हणजे स्वस्त डिस्कचा फायदाच संपला. पीएस-३, एक्सबॉक्स ३६० आणि एक्सबॉक्स वन यांतही हीच तऱ्हा. पीएस-५ स्लिमची सुटी मिळणारी ड्राइव्हसुद्धा पहिल्यांदा बसवताना इंटरनेटवरून सोनीकडे नोंदवावी लागते.

कंपन्यांचे म्हणणे असे की पायरसी रोखण्यासाठी हे गरजेचे आहे. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण याचा परिणाम असा की दोन बंद यंत्रांतून एक चालू करणे, ही भारतातल्या प्रत्येक गॅरेजची, रेडिओ-टीव्हीच्या प्रत्येक दुकानाची जुनी रीत इथे अर्धवटच चालते. दोन बंद पीएस-४ घेऊन एक उभा करायचा असेल, तर मदरबोर्ड आणि ड्राइव्हचे सर्किट एकाच यंत्रातले असले पाहिजे, बाकी सारे इकडचे तिकडे चालते. भागांसाठी घेतलेल्या यंत्रांवर पहिल्याच दिवशी मार्करने खुणा कराव्यात.

‘शेकून’ चालू केलेले यंत्र म्हणजे काय?

जुन्या कन्सोलच्या बाजारातली ही सर्वांत मोठी लबाडी, आणि तिचे मूळ एका खऱ्या तांत्रिक अपयशात आहे. एक्सबॉक्स ३६० मध्ये दिव्यांचे लाल कडे पेटून यंत्र बंद पडण्याचे प्रमाण इतके वाढले की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. चिप तापते, थंड होते, पुन्हा तापते. चिप आणि तिच्या खालचा थर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि मधले सूक्ष्म सांधे तडकतात. पीएस-३ च्या पिवळ्या दिव्यामागे चिप की कपॅसिटर, यावर कारागिरांत अजूनही वाद आहे.

अशी चिप हॉट एअरने शेकली की तडकलेला सांधा पुन्हा टेकतो आणि यंत्र सुरू होते. काही दिवस, काही आठवडे. नंतर पुन्हा बंद. विकणाऱ्याला तेवढा अवधी पुरतो. पूर्वी कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून तापवण्याचे उद्योगही झाले. म्हणून ‘नुकताच रिपेअर केला, आता मस्त चालतो’ हे वाक्य ‘बंद आहे’ यापेक्षा जास्त धोक्याचे. ग्राफिक्सचा भार असलेला गेम विक्रेत्याच्याच घरी निदान तासभर चालवून पाहावा. चहा घ्यायला लागला तरी घ्यावा. तासभर थांबू न देणारा विक्रेता घाईत का आहे, याचा अंदाज बांधता येतो.

पीएस-५ च्या वाट्याला नवख्याने जाऊच नये. त्यात प्रोसेसरवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. तो वीजवाहक आहे. एक थेंब चुकीच्या जागी गेला तर शॉर्ट.

किती पैसे द्यायचे, याचा हिशेब कसा मांडायचा?

दर रोज बदलतात, म्हणून इथले आकडे केवळ उदाहरणापुरते. समजा, एखाद्या मॉडेलचा चालू पीएस-४ रिमोटसह १४ हजारांना मिळतो. त्याच मॉडेलच्या बंद यंत्राला, रिमोटशिवाय, ८ हजार मागितले जातात. सहा हजारांची बचत दिसते. आता दुरुस्ती दोन हजार, वापरलेला मूळ रिमोट अडीच हजार, दोन फेऱ्यांचे सहाशे. बेरीज १३,१००. हाती वाचले नऊशे.

आणि हे दुरुस्ती यशस्वी झाली तर. तीनपैकी एक दुरुस्ती फसते असे धरू. फसली तर कारागीर पैसे घेत नाही, रिमोट घेतलेलाच नाही आणि भाग विकून तीन हजार सुटतात, असे सगळे सौम्य गृहीत धरले तरी तिसऱ्या यंत्रावर ५,६०० रुपये जातात. पहिल्या दोनवर वाचले १,८००. म्हणजे आठ हजारांचा हा ‘स्वस्त’ कन्सोल तीनदा घेणारा ३,८०० रुपयांच्या खड्ड्यात जातो. हेच गणित उलटे सोडवले तर नफा-तोटा शून्यावर यायला खरेदीचा भाव सुमारे ६,७०० हवा. स्वतःच्या वेळेचे मोल आणि दुरुस्तीनंतर वॉरंटी नसण्याची जोखीम धरली, तर त्याहूनही बराच खाली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला संभाव्यता शिकणाऱ्याने हे कागदावर मांडायला पाच मिनिटे लागतात; विक्रेत्याच्या दारात उभे असताना ती पाच मिनिटे कोणी काढत नाही.

रिमोटचा खर्च बहुतेक जण विसरतात. बाजारात हुबेहूब दिसणारे नकली रिमोट भरपूर आहेत. काठी न हलवता खेळाडू आपोआप सरकत असेल, तर काठीखालचा पोटेन्शियोमीटर झिजला आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून काही दिवस ढकलता येतात. नवा बसवायचा तर चौदा ठिकाणचा डाख काढावा लागतो. डाख काढण्याचा सराव करायला मात्र बंद रिमोटइतके चांगले आणि स्वस्त साधन नाही. कन्सोलच्या मदरबोर्डवर हात साफ करण्यापेक्षा कितीतरी बरे.

चोरीचा किंवा बंदी घातलेला कन्सोल निघाला तर?

मूळ बिल मागावे. बिल नसेल तर निदान खोक्यावरचा आणि यंत्रावरचा अनुक्रमांक जुळतो का ते पाहावे आणि व्यवहाराचा लेखी कागद, विक्रेत्याची ओळख पटवणाऱ्या पुराव्यासह, करून घ्यावा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. भाव अविश्वसनीय वाटावा इतका कमी असेल, तर ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणणे कठीण जाते.

गैरवापरामुळे काही यंत्रांवर कंपनीने कायमची ऑनलाइन बंदी घातलेली असते. ती मालक बदलला तरी उठत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन स्वतःच्या खात्याने लॉग-इन करून पाहणे एवढाच उपाय. ‘शंभर गेम भरून देतो’ म्हणणाऱ्या यंत्रात जुने सॉफ्टवेअर मुद्दाम ठेवून कुलूप तोडलेले असते. अपडेट केले की गेम जातात, न केले तर ऑनलाइन खेळता येत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ६५-अ अशा तांत्रिक कुलूपतोडीला शिक्षा सांगते, हा भाग वेगळाच.

यंत्र पाहण्याआधी ‘बुकिंग’चे पैसे पाठवू नयेत. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पहिले काही तास मोलाचे असतात.

कायदा ग्राहकाच्या बाजूने किती?

शेजारच्या गावातल्या मुलाकडून घेतलेला कन्सोल दुसऱ्या दिवशी बंद पडला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार मिळणे अवघड. तो मुलगा व्यापारी नाही. दुकानातून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून बिलासह घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा आयोगाचा मार्ग खुला आहे. दोन-तीन हजार जास्त देऊन बिल आणि महिनाभराची लेखी हमी मिळत असेल, तर हातात कौशल्य नसलेल्याने तोच सौदा घ्यावा.

दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न याहून मोठा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे ठरली. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले. पुढे वस्तू किती सहज दुरुस्त होते हे सांगणारा निर्देशांक ठरवण्याचे काम सुरू झाले, तेही मोबाइल आणि टॅब्लेटवर भर देऊन. पोर्टलवर माहिती देणे आणि सुटे भाग, सर्किटचे नकाशे व जुळवणीचे सॉफ्टवेअर बाहेरच्या कारागिराला देण्याची सक्ती करणे, या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे. ट्रॅक्टर आणि मोबाइल आधी, हा क्रम समजण्यासारखा. पण कन्सोल यादीच्या तळाशी राहिला की काय होते, ते अमेरिकेत दिसते. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा या राज्यांचे दुरुस्ती-हक्क कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले आणि दोन्हींतून व्हिडिओ गेम कन्सोल नावानिशी वगळला गेला. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०२१ मध्ये दिलेली सवलतही केवळ डिस्क ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरतीच. भारतात नियम अजून आकार घेत असताना हा अपवाद इथेही गुपचूप शिरू नये, यासाठी आग्रह धरायला हवा. बारामतीतल्या कारागिराकडे हात आहे, यंत्र आहे, गिऱ्हाईक आहे. ड्राइव्हची किल्ली तेवढी नाही, आणि ती त्याला कितीही शिकून मिळणार नाही.

दुरुस्त झालाच नाही, तर त्या यंत्राचे काय करायचे?

पॉवर सप्लाय, पंखा, हार्ड डिस्क, लेन्स, वरचे आवरण यांना गिऱ्हाईक मिळते, कारण त्याच मॉडेलचे दुसरे यंत्र दुरुस्त करणारा कोणीतरी ते शोधत असतोच. मदरबोर्ड आणि त्याच्या जोडीचे ड्राइव्हचे सर्किट एकत्रच विकावे, सुटे विकले तर दोन्ही निरुपयोगी. उरलेले भंगारवाल्याला किलोवर देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वस्तूंची संख्या २१ वरून १०६ वर गेली असून त्यात व्हिडिओ गेमचाही समावेश आहे, म्हणजे त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर येते. देण्याआधी यंत्र सुरू होत असेल तर आपले खाते काढून टाकावे. होत नसेल तर हार्ड डिस्क काढून घ्यावी. तिच्यावरची माहिती त्या कन्सोलशी बांधलेली असल्याने दुसरीकडे वाचता येत नाही, पण फॉरमॅट करून ती लॅपटॉपला मात्र चालते.